दामिनीचं जाळीचं अंडं

दामिनी अंडी कोरते हे गावात कळलं, तेव्हा गिरणीवर दळणाला उभ्या असलेल्या बायांनी निदान करून टाकलं: नवऱ्यानं टाकली, त्याचा परिणाम डोक्यावर झाला. आमच्या गावात निदानाला डॉक्टर लागत नाही. डॉक्टर कधीमधी येतो, गिरणी रोज चालू असते.

मी तिच्या शेजारची, माधुरी. अंगणवाडी चालवते. माझ्या जिभेला हाड नाही असं गाव म्हणतं, आणि गाव सगळंच खोटं बोलतं असं नाही. धोंडीबाई आणि दामिनी या मायलेकींचं घर नि माझं घर यांच्यामध्ये एक कुडाची भिंत आहे, आणि पुढे अंगणात घायपाताची रांग. तिकडे हातातला डाव पडला तर इकडे ऐकू येतो. म्हणजे हे जे सांगते आहे ते डोळ्यांनी पाहिलेलं आणि भिंतीतून ऐकलेलं आहे. सांगताना मला राग आवरणार नाही, तर नाही.

आमचं गाव शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. फाट्यावर तिठा आहे. एक वाट शहापूरला जाते, एक सरळगावावरून मुरबाडला, आणि तिसरी आमच्याकडे येऊन संपते. धोंडीबाईचा नवरा भिमा हा दामिनी लहान असतानाच गेला. थोडं भात, थोडी नाचणी आणि चार कोंबड्या एवढ्यावर बाईनं पोरगी वाढवली, बारावीपर्यंत शिकवली आणि टोकावड्याच्या बाजूला अमोलला दिली. चार वर्षं झाली तरी पोर होईना. सासूनं सुनेच्या सगळ्या तपासण्या केल्या, नवस केले, अंगारे लावले. मुलालाही एकदा तपासून घ्यावं हे काही कुणाच्या मनात आलं नाही. मग दामिनी एका दिवाळीला माहेरी आली, आणि तिला न्यायला कुणी आलंच नाही. भांडण नाही, काडीमोड नाही. अमोलनं मोबाइल उचलायचा बंद केला, एवढंच. अशा माणसाला गावात शिवी नाही, हे मला कायम खटकतं. शिव्या सगळ्या बायकांसाठी करून ठेवल्यात.

तेव्हापासून धोंडीबाईचा एकच ध्यास. पोरीवर कुणीतरी केलंय, ते एकदा उतरलं की जावई दारात उभा राहील. दामिनीला मात्र जावई वगैरे कुणी दारात नको होतं. तिला फक्त एक खोली हवी होती, जिथे येता-जाता कुणी "न्यायला कधी येणार गो?" असं विचारणार नाही. हे तिनं मला विहिरीवर सांगितलं होतं, हंडा डोक्यावर घेताना, अगदी सहज.

तेव्हा शहापूरला कवळ्या बनवायची एक छोटी लॅब होती. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवायचे आणि इथे कवळी तयार व्हायची. दामिनी तिथे लागली. साच्यातून निघालेल्या कवळीला कडा असतात. त्या घासून हिरडीला बोचणार नाहीत अशा करायच्या, हे तिचं काम. त्याला मशीन असते, मायक्रोमोटर म्हणतात. पेनाएवढा दांडा हातात धरायचा, त्याची वायर एका डब्याला, डब्यावर वेग कमीजास्त करायचं बटण. दांड्याच्या टोकाला नाचणीच्या दाण्याएवढा बर बसवायचा, तो गरगर फिरतो आणि कापतो. नव्या माणसाचा हात बसावा म्हणून लॅबच्या मालकानं एक रीत ठेवली होती. हातात कोंबडीचं अंडं द्यायचा आणि सांगायचा, वरचं कवच घासून काढ, आतला पापुद्रा फाटला तर आज कवळीला हात लावायचा नाही. बाकीच्या पोरी त्यातून एकदा सुटल्या की अंड्याकडे ढुंकून बघत नसत. दामिनी घरून डब्यात अंडी घेऊन जायला लागली.

पुढे डॉक्टर लोक ठाण्याला कॉम्प्युटरवर दात करून घ्यायला लागले आणि लॅब बंद पडली. जाताना मालक दामिनीला म्हणाला, "भंगारात घालण्यापेक्षा तू ने." असा तो मायक्रोमोटर आमच्या गावात आला.

मग रोजचंच झालं. अंड्याला दोन्ही टोकांना भोक पाडायचं, एका भोकाला तोंड लावून फुंकायचं, दुसऱ्यातून आतलं सगळं वाटीत. त्या दिवसांत आमच्या दोन्ही घरांत अंड्याची पोळी इतकी झाली की माझा नवरा ताट बघून विचारायचा, "आज काय कोरलं दामिनीनं?" टरफल धुऊन सुकवायचं, पेन्सिलीनं रेघा मारायच्या, आणि खिडकीपाशी उजेडाला बसून बर चालवायचा. पूड छातीत जाऊ नये म्हणून नाकाला ओढणी. घरभर दातांच्या दवाखान्यातला वास. दुपारी लाइट गेली की तिचं काम अडायचं, आणि आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. चालू अंड्यात लाइट गेली तर ती तशीच अंडं हातात धरून बसायची, खाली ठेवायलाही तयार नसायची.

एकदा मला बसवून तिनं दाखवलं. "दाबायचं नाय, ताई. बर आपला आपण कापतो. आपण निस्ती वाट दाखवायची." मी दाबलं आणि अंडं गेलं. ती हसली. म्हणाली, सगळ्यात वाईट असतं ते शेवटचं भोक. तोवर सगळं नीट येतं, टरफलात जोर मात्र उरलेला नसतो, आणि तेवढ्यात टक् असा आवाज होतो. तो टक् आवाज भिंतीतून मला पण ऐकू यायचा. त्यापाठोपाठ बटण बंद केल्याचा.

फुटकी अंडी धोंडीबाई उचलून न्यायची आणि घायपाताच्या टोकांवर खोचायची. दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे दारातल्या घायपातावर टरफलं खोचतात, सगळीच घरं खोचतात. फरक एवढाच की बाकीच्यांच्या दारात साधी टरफलं, आणि यांच्या दारात पानाफुलांची.

पण मुलीच्या कामाबद्दल बाईनं कधी चांगला शब्द काढला नाही. मी हे मोजून सांगते, कारण मी वाट बघत असायचे. दामिनी काही नवीन झालं की ते पुढे धरायची. धोंडीबाई एक नजर टाकायची आणि सुपातले खडे निवडायला लागायची.

"रिकामं अंडं घरात ठेवू नये गो," एकदा ती मला म्हणाली. "आधीच कूस रिकामी. त्यात ही दिसभर फुंकून फुंकून रिकामी करतेय."

"मग भरलेली खाऊन कुणाची कूस भरली?" मी म्हटलं. "पोरगी रडत बसत नाय, दारू पीत नाय, कुणाच्या दारात जात नाय. दोन शब्द चांगले बोलशील तर तुझी जीभ झडेल का?"

ती कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. धोंडीबाईचं हेच वाईट. भांडायला गेलं तर भांडत नाही, आणि तिच्या मनातलं तिच्याच मनात राहतं.

फार्महाऊसवाल्या बाई आल्या त्या या घायपातामुळे. आमच्या गावाच्या मागे मुंबईकरांची फार्महाऊसं झाली आहेत, त्यातल्या एकाच्या मालकीण स्नेहलबाई. त्यांचं घरसजावटीच्या वस्तूंचं दुकान होतं मुंबईला, आणि वस्तू बनवायला ठाण्यात एक जागा. त्या हातसडीचे तांदूळ विचारायला गावात आल्या आणि धोंडीबाईच्या दारात गाडी थांबवून घायपाताकडे बघत राहिल्या.

"हे कुणी केलं?"

धोंडीबाईला वाटलं, बाई रागावल्या. ती म्हणाली, "काढून टाकते, बाई."

मी पुढे होऊन दामिनीला बाहेर बोलावलं. स्नेहलबाईंनी तिचे हात बघितले, मशीन बघितली, आणि म्हणाल्या की कोंबडीचं अंडं फार नाजूक, मी तुला माझ्या राजहंसांची अंडी देते. त्यांच्या तळ्यात राजहंस होते, शोभेला पाळलेले. "एक पूर्ण अंडं मला करून दाखव. दुकानात ठेवण्यासारखं झालं तर ठाण्याला ये. तीन मुली काम करतात माझ्याकडे. वरती राहायची खोली आहे."

बाकी काय काय बोलल्या ते दामिनीनं ऐकलं असेल असं मला वाटत नाही. संध्याकाळी तिनं मला तीनदा विचारलं, "ताई, त्या खोली म्हणाल्या ना?"

राजहंसाची मादी थंडीत अंडी घालते, होळीच्या सुमारास थांबते, हे आम्हाला त्यांच्या राखणदारानं, मंगळ्यानं सांगितलं. तोच अंडी आणून द्यायचा. मुठीत न मावणारी, पांढरीशुभ्र, जाड कवचाची. दामिनीनं पहिलं फोडलं, दुसरं फोडलं. एक अंडं तर शेवटच्या भोकाला गेलं, आणि त्या दिवशी ती जेवली नाही. होळी झाली, मंगळ्या म्हणाला आता मिळायची नाहीत. हातात एक उरलं होतं.

ते एक तिनं चैत्रभर पुरवलं. सकाळच्या उजेडात तेवढं थोडं कोरायची आणि ठेवून द्यायची. कुणाला दाखवायची नाही. पूर्ण झालं तेव्हा पहिल्यांदा मला बोलावलं आणि तळहातावर ठेवलं. मी काही कलेतलं समजणारी बाई नव्हे. पण ते अंडं सबंध विणलेलं होतं. आडव्या पट्ट्या, उभ्या पट्ट्या, एक वर, एक खाली, मधल्या चौकोनातून पलीकडची माझी बोटं दिसत होती. आणि बघता बघता माझ्या लक्षात आलं की हे आपण रोज बघतो. धोंडीबाई दिवेलागणीला कोंबड्या झाकते ते बांबूचं डालं. तेच, तशाच विणीचं, वरती टोकाला तशीच गाठ. अंड्याचंच डालं केलं होतं पोरीनं. मला भरून आलं, आणि मी तसं तिला सांगितलं.

"आयेला दाखवलंस?"

"दाखवलं. बघितलं तिनं."

"काय म्हणाली?"

"काय नाय. कोंबड्या झाकायला गेली."

स्नेहलबाई रविवारी येणार होत्या. अंडं कापसावर ठेवून पत्र्याच्या डब्यात होतं. शनिवारी माझी शहापूरला मीटिंग होती, दामिनी माझ्याबरोबर आली. तिला अंड्यासाठी एखादी काचेची बरणी हवी होती, म्हणजे बाईंच्या हातात देताना जरा बरं दिसेल. बाजारात तिनं दहा बरण्या उलट्या-सुलट्या केल्या आणि साधी लोणच्याची घेतली. त्या दिवशी अमावास्या होती. मला ते माहीत होतं, पण मीटिंगला अमावास्या काय नि पौर्णिमा काय.

दिवेलागणीला आम्ही रिक्षानं फाट्यावर उतरलो. आमच्या तिठ्यावर अमावास्येला उतारे असतातच. लिंबू, बिब्बा, भात, हळदकुंकवानं माखलेलं अंडं, पळसाच्या पानावर. ओवाळून टाकलेल्या पीडेची ती शिदोरी. तिला कुणी ओलांडत नाही, शिवत नाही, शिवेल त्याच्या अंगाला ती पीडा लागते. रिक्षावाल्यानंसुद्धा आम्हाला उतरवून पान चुकवत रिक्षा वळवली, आणि वळताना तिचा उजेड त्या पानावर पडला.

पानावर भात होता, लिंबू होतं, आणि दामिनीचं अंडं होतं. वरून हळद ओतलेली, जाळीत कुंकू भरलेलं, मध्ये काळा बिब्बा.

दामिनीनं मान वर केली. गावाच्या वाटेवर, आमच्यापासून फार लांब नाही, धोंडीबाई चालली होती. पदर डोक्यावर, हातात रिकामं ताट.

"आये," दामिनीनं हाक मारली.

ती थांबली नाही.

"आये, थांब. आये."

उतारा ठेवून परतणाऱ्यानं मागे बघायचं नसतं. बोलायचं नसतं. हाक आली तर ओ द्यायची नसते, मग ती कुणाचीही असो. घरी जाऊन पाय धुवेपर्यंत. धोंडीबाईनं लेकीची प्रत्येक हाक ऐकली, हे तिच्या पाठीवरून मला दिसत होतं, कारण प्रत्येक हाकेला तिचे खांदे वर येत होते. पण ती वळली नाही. चालत राहिली.

"उचल," मी दामिनीला म्हटलं. "उचल ते. मी हाय."

तिनं वाकून उचललं. बिब्बा काढून टाकला, अंडं ओढणीत घेतलं, आणि लोणच्याची बरणी माझ्या हातात दिली.

घरी जे झालं ते सगळं गावानं ऐकलं, मी तर भिंतीला लागूनच होते. धोंडीबाईचे पाय ओले होते.

"उचलून आणलंस? घरात आणलंस? अगो, तुज्यावरनं उतरलंय ते. तुज्या ड्रेसवरनं ओवाळलंय."

"माजं अंडं का घेतलंस? कोंबडीचं नव्हतं घरात?"

"कोंबडीचं दोनदा ठेवलं. लागू नाय झालं." धोंडीबाई खाली बसली. "पयलं कणीस आपण गावदेवाला देतो का नाय? थोरला कोंबडा देतो का नाय? चांगलं असल तेच द्यावं लागतं, दामे. ठेवून ये परत. तुज्या पाया पडते."

दामिनी ठेवून आली नाही. रात्री तिनं अंडं ब्लीचच्या पाण्यात बुडवलं. सकाळी दात घासायच्या ब्रशनं एकेका चौकोनातलं कुंकू काढलं. हळद धुऊन जात नाही, पण उन्हाला टिकत नाही, हे तिला ठाऊक होतं. सूर्य वर आला तसं तिनं ते सुपात कापसावर ठेवलं आणि सुपाशी बसून राहिली, कावळ्यानं चोच मारू नये म्हणून. दुपारपर्यंत ते पहिल्यासारखं पांढरं झालं. मी जवळून बघितलं. डाग सोडा, वासही नव्हता. मनात म्हटलं, बरं झालं, एकदाचं जमलं पोरीचं. माझं बोलणं देवाला आवडत नसावं.

स्नेहलबाई आल्या. बरणीतून अंडं काढून त्यांनी उजेडाला धरलं आणि फिरवून फिरवून बघितलं. मग म्हणाल्या, "दामिनी, हे विकायला ठेवणार नाही मी. समोरच्या काचेत ठेवीन. आणि तू पुढच्या आठवड्यात येच."

दामिनी माझ्याकडे बघून हसली. तिचे पुढचे दात जरा वाकडे आहेत, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसले.

तेवढ्यात धोंडीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या तिनं खाली ठेवला, आणि हात जोडले.

"बाई, ते तुमी घेऊ नका."

"आये, आत जा," दामिनी म्हणाली.

"तुमच्या घरात पोरंबाळं असतील, बाई. ते उतरलेलं अंडं हाय. काल आवस व्हती, तिठ्यावर ठेवलेलं हिनं उचलून आणलं. आमची पीडा तुमच्या घरात जाईल. माज्यानं गप नाय राहवत. दुसऱ्याच्या पोरांचं वाईट कसं बघू?"

मी तिच्या तोंडावर हात ठेवायला हवा होता. पण खरं सांगते, तिच्या तोंडावर जे होतं ते बघून हात उचलवला नाही. तिला कळत होतं ती काय करते आहे. लेकीचा घास जातो आहे हे तिला दिसत होतं, आणि तरीही परक्या बाईच्या लेकरांसाठी ती बोलत होती. असल्या चांगुलपणाचं काय करायचं माणसानं? मला तर त्या घडीला तिच्याइतकं दुष्ट कुणी वाटलं नाही.

स्नेहलबाई हसल्या. "अहो, मी असलं काही मानत नाही."

आणि अंडं खाली ठेवलं. सुपात, कापसावर, अगदी हळू. मग बोटं आपल्या ओढणीला पुसली.

"मानत नाही मी," त्या पुन्हा म्हणाल्या, "पण कसं आहे, दुकानात सासूबाई बसतात. आणि गिऱ्हाइकाच्या घरात जायची वस्तू... उगाच कशाला ना? दामिनी, तू असं कर, दुसरं कर. सेम असंच. मग आपण बघू."

"राजहंसांची अंडी संपली, मॅडम," दामिनी म्हणाली. "आता थंडीत."

"मग थंडीत बघू ना."

त्या इंग्रजी शिकलेल्या, दोनदा परदेशी जाऊन आलेल्या. तांब्यातल्या पाण्याला त्यांनी तोंड लावलं नाही. गाडीत बसल्यावर काच खाली करून त्यांनी बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, ते मी घायपाताच्या आडून बघितलं. गिरणीवरच्या बायांना मी वेड्या म्हणायचे. त्या निदान मानतो म्हणून सांगतात तरी.

थंडी आली तेव्हा मंगळ्या सांगत आला की राजहंस फार ओरडतात म्हणून बाईंनी ते कुणाला तरी देऊन टाकले. दामिनीनं फोन लावला. रिंग वाजत राहिली. मग तिनं पुन्हा लावला नाही. न उचललेल्या फोनचा अर्थ तिला एकदा शिकवून झाला होता.

तुळशीची लग्नं झाल्यावर अमोलनं दुसरी बायको केली. सोडचिठ्ठीवर सही घ्यायला त्याचा चुलता आला होता, तो चहा पिऊन गेला. चुलता फाटकाबाहेर पडल्यावर धोंडीबाई एवढंच म्हणाली, "उतारा उचललास म्हणून." दामिनी म्हणाली, "तू ठेवलास म्हणून." त्यानंतर त्या दोघींमध्ये या विषयावर बोलणं झालं नाही, आणि दुसऱ्या विषयांवरही फारसं होत नाही. एकीनं चूल पेटवायची, दुसरीनं पाणी आणायचं. एका छपराखाली दोन बाया, आणि दोघींनाही ठाम ठाऊक आहे की आपलं वाटोळं कुणी केलं. दोघींचंही माणूस एकच उरलंय, ते समोर बसून जेवत असतं.

दामिनी आता आटगावकडे एका गोदामात जाते, खोक्यांवर स्टिकर चिकटवायला. मायक्रोमोटर माळ्यावर आहे, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. अंडं पत्र्याच्या डब्यात आहे. ना ती ते विकत, ना फोडत. धोंडीबाई घर सारवताना तो डबा सोडून सारवते.

गेल्या आठवड्यात संध्याकाळची मी त्यांच्याकडे बसले होते. दामिनी आत चुलीपुढे, धोंडीबाई ओट्यावर. कोंबड्या गोळा झाल्या होत्या. तिनं डालं ओढून त्यांच्यावर झाकलं आणि तशीच त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली.

"माधुरी, एक इचारू?"

"इचार."

"त्या अंड्यावर ह्याचीच वीण व्हती ना गो? आमच्या डाल्याची?"

"व्हती."

"मी वळखली व्हती," ती म्हणाली. "तिनं दाखवली तवाच. असं कुणी केलेलं मी जन्मात बघितलं नव्हतं. म्हणून तं तेच नेलं."

आतून भातावरचं झाकण खाली ठेवल्याचा आवाज आला. दामिनी दारात येऊन उभी होती.

"मग तवाच सांगायचं व्हतंस, आये. एकदा तरी म्हणायचं व्हतंस, चांगलं झालंय म्हणून."

धोंडीबाईनं तिच्याकडे बघितलं नाही. डाल्यावर दगड ठेवला, तो हलत नाही ना हे बघितलं.

"आपल्या पोरीला आपणच चांगलं म्हटलं का दृष्ट लागते," ती म्हणाली. "मी तुला एकदापण नाय म्हटलं. लहानपणापासून नाय."

दामिनी आत गेली आणि भाताखालचं लाकूड मागे ओढलं.